पापणीवरची न जाणारी गाठ

पापणीवर गाठ दिसली की घरात पहिलं नाव निघतं ते रांजणवाडीचं. कुणी लवंग उगाळून लावायला सांगतं, कुणी गरम शेक द्यायला. रांजणवाडी असली तर ती आठवडाभरात पिकते, फुटते आणि बसते. दुखणं थांबलं पण वाटाण्याएवढी टणक गाठ मागे राहिली, तर डोळ्यांचे डॉक्टर तिला कॅलेझिऑन म्हणतात. बहुतेकदा ते बरोबरच असतं.

काही गाठी मात्र वर्षानुवर्षं तिथेच बसून असतात. शेकाने उतरत नाहीत, मलमाला दाद देत नाहीत, चीर देऊन खरवडल्या तरी पुन्हा वर येतात. अशा गाठींमध्ये क्वचित एखादी मज्जातंतूपासून निघालेली असते. ती साधी असते, म्हणजे कॅन्सरची नसते. साध्या आणि दुर्मिळ गाठीवर एवढं लिहायचं कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं कारण असं, की या गाठींपैकी एक काढून टाकली की विषय संपतो, आणि जवळपास तशीच दिसणारी दुसरी एखाद्या लहान मुलाच्या थायरॉईडमध्ये कॅन्सर असल्याची पहिली खूण ठरू शकते. नुसत्या डोळ्यांनी त्या दोघी वेगळ्या ओळखू येतीलच असं नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्याकडे पेशंट येत नाही, त्याची गाठ येते, फॉर्मलिनच्या बाटलीतून. म्हणून हा लेख मायक्रोस्कोपकडे जरा जास्त झुकेल, हे आधीच सांगून ठेवतो.

पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ. तिच्याखाली डोळा मिटणारा स्नायू, त्याच्याखाली टार्सल प्लेट नावाची घट्ट पट्टी, आणि त्या पट्टीत ओळीने उभ्या असलेल्या मायबोमियन ग्रंथी. या ग्रंथी अश्रूंवर तेलाचा पातळ थर पसरवतात. एखादीचं तोंड बुजलं की आतलं तेल आजूबाजूच्या मांसात झिरपतं आणि शरीर त्याच्याभोवती दाह उभा करतं. हेच कॅलेझिऑन. ते इतकं नेहमीचं आहे, की पापणीतल्या कोणत्याही टणक गाठीवर पहिला शिक्का त्याचाच बसतो. यात डॉक्टरांची चूक म्हणता येणार नाही. रोज दिसणारा आजार आधी मनात यावा हे रीतीला धरूनच आहे. अडचण येते ती गाठ कॅलेझिऑनसारखी वागत नसतानाही तोच शिक्का कायम ठेवल्यावर.

आता मज्जातंतूंकडे. पापणीला स्पर्श कळतो तो मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नर्व्हमुळे. वरच्या पापणीत तिच्या पहिल्या शाखेचे धागे येतात, खालच्या पापणीत मुख्यतः दुसऱ्या शाखेचे. डोळा मिटण्याचा हुकूम सातव्या नर्व्हकडून येतो. पापणीत पोचेपर्यंत हे सगळे तंतू अगदी बारीक झालेले असतात. प्रत्येकात मधोमध संदेश वाहून नेणारा ॲक्सॉन असतो, त्याला बिलगून श्वान पेशी असतात (थिओडोर श्वान हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन शास्त्रज्ञ), आणि अनेक तंतूंच्या जुडीभोवती पेरिन्युरियम नावाचं पातळ आवरण असतं. यातलं नेमकं काय वाढलं आणि कोणत्या प्रमाणात, यावरून गाठीचं नाव ठरतं.

नुसत्या श्वान पेशी वाढल्या तर श्वानोमा. ही गाठ मज्जातंतूच्या एका कडेला, स्वतःच्या आवरणात वाढते. सर्जनने नीट सोडवली तर अख्खी बाहेर येते. न्यूरोफायब्रोमामध्ये श्वान पेशी, तंतुमय पेशी, आवरणाच्या पेशी, मास्ट पेशी आणि त्यांच्यातून जाणारे ॲक्सॉन असं सगळंच असतं. कालवलेल्या दहीभातातून भात वेगळा काढता येत नाही, तसा तिच्यातून मज्जातंतू वेगळा काढता येत नाही. तिसरी गाठ न्यूरोमा. हिच्यात ॲक्सॉन आणि श्वान पेशी साधारण बरोबरीने वाढलेले असतात. न्यूरोमाचे पुन्हा प्रकार आहेत. मध्यमवयीन माणसाच्या चेहऱ्यावर एकटाच येणारा, कातडीच्याच रंगाचा छोटा उंचवटा हा एक. त्याचं 'पॅलिसेडेड एन्कॅप्सुलेटेड न्यूरोमा' असं लांबलचक नाव १९७२ साली रीड, फाइन आणि मेल्ट्झर या तिघांनी दिलं. जुन्या जखमेच्या किंवा ऑपरेशनच्या व्रणात तुटलेला मज्जातंतू वेडावाकडा वाढून होणारा, दाबल्यावर कळ येणारा, हा दुसरा. तिसरा लहान मुलांच्या पापणीच्या कडेवर, ओठांवर आणि जिभेवर येतो. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर बोलू, कारण सगळ्यात मोठी गोम तिथेच आहे.

आणखी दोन-तीन नावं रिपोर्टात दिसू शकतात. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर १९२६ मध्ये अब्रिकोसॉफ यांनी वर्णिला, तेव्हा तो स्नायूचा समजला जात होता. आज तो श्वान पेशींचा मानतात. सेल्युलर न्यूरोथेकिओमाचं उलट झालं. नावात न्यूरो आहे, पण मज्जातंतूशी त्याचं नातं आता कुणी फारसं मानत नाही.

दवाखान्यात काय दिसतं?

खरं सांगायचं तर शंका येण्यापुरतंच दिसतं. मज्जातंतूची गाठ हळू वाढते, महिन्यांच्या नव्हे तर वर्षांच्या हिशोबाने. ती सहसा दुखत नाही. लाली नसते, सूज कमी-जास्त होत नाही. कॅलेझिऑनमध्ये पापणी उलटून पाहिली की आतल्या बाजूला नेमक्या त्या जागी लालसर किंवा करडा डाग दिसतो. इथे बहुधा तो नसतो. पापणीचे केस जागेवर असतात. पेशंटला 'आधी दुखलं होतं का, लाल झालं होतं का' असं विचारलं आणि उत्तर ठाम 'नाही' असं आलं, तर माझ्या मते ती एक ओळ केसपेपरवर लिहून ठेवावी. तिची किंमत पुढे कळते.

याउलट केस गळालेले, कडेला खपली किंवा जखम, गाठीवर फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या, किंवा त्याच जागी पुन्हा पुन्हा आलेलं 'कॅलेझिऑन' ही कॅन्सरची शंका घेण्याची लक्षणं. भारतात तेलग्रंथींचा सेबेशियस कार्सिनोमा पाश्चात्त्य देशांच्या मानाने बराच अधिक आढळतो, आणि तो कॅलेझिऑनचं सोंग घेण्यात पटाईत आहे. त्यामुळे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची परत आलेली गाठ तपासणीला पाठवायची ती आधी या कॅन्सरच्या धास्तीने. मज्जातंतूच्या गाठी सापडतात त्या बऱ्याचदा या शोधात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. भुवईच्या वरून जाणारा मज्जातंतू दोरीसारखा जाड लागत असेल, आसपास बधिर चट्टा असेल, भुवईचे केस विरळ झाले असतील, तर ट्यूमरच्या आधी कुष्ठरोग आठवायचा. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. बोटाने दोन मिनिटं चाचपून आणि कापसाच्या टोकाने स्पर्श तपासून हे कळतं, त्याला स्कॅन लागत नाही.

स्कॅनचंच म्हणाल तर पापणीतल्या वाटाण्याएवढ्या, सुट्या हलणाऱ्या गाठीला एमआरआयची गरज सहसा नसते. गाठीची मागची कड बोटाला लागत नसेल, ती डोळ्याच्या खोबणीत शिरल्याची शंका असेल, डोळा पुढे आला असेल किंवा लहान मुलाची अख्खी वरची पापणी लोंबत असेल, तर एमआरआय हवाच. सुई घालून पेशी काढण्याची एफएनएसी आपल्याकडे सर्रास होते, कारण ती स्वस्त आणि झटपट आहे. पण मज्जातंतूच्या गाठीतून सुईला फार थोड्या पेशी येतात, त्यांची मांडणी कळत नाही, आणि सुई टोचताच पेशंट कळवळतो तो वेगळाच. गाठ लहान असेल तर ती पूर्ण काढून तपासलेलीच बरी.

ऑपरेशनच्या टेबलावर

कॅलेझिऑन काढताना सर्जन पापणी उलटी करून आतल्या बाजूने उभी चीर देतो. आतून पिवळट, पिठूळ ऐवज निघतो, तो खरवडून काढतात. नेहमीच्या केसमध्ये तो तपासणीला पाठवतातच असं नाही. पण चीर दिल्यावर असं काही न निघता पांढरट, गुळगुळीत, घट्ट मांस दिसलं, तर तिथेच थांबून विचार बदलायला हवा. खरवडून तुकडे करायचे नाहीत, गाठ शक्यतो एकसंध सोडवायची. तुकड्यांत आलेल्या गाठीला आवरण होतं की नव्हतं हे मला सांगता येत नाही, आणि निम्मं निदान त्या आवरणावर उभं असतं.

गाठ दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, तिच्या किमान दसपट द्रावणात बुडवून पाठवायची. सलाईनमध्ये किंवा कोरड्या गॉजमध्ये रात्रभर ठेवलेली गाठ सकाळपर्यंत निकामी होऊ लागते. आणि सोबतच्या फॉर्मवर नुसतं 'लिड मास' लिहू नये, ही माझी जुनी तक्रार. वय, किती दिवसांपासून, आधी काय केलं, दुसऱ्या कुठे गाठी किंवा डाग आहेत का, एवढ्या चार ओळी पुरतात. कॅलेझिऑन म्हणून आधी एकदा खरवडली होती हे कळलं नाही, तर व्रणातला न्यूरोमा आणि स्वतंत्र न्यूरोमा यांत माझी गल्लत होऊ शकते.

काचेखाली

लॅबमध्ये गाठ मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, तिचे काही मायक्रॉन जाडीचे काप घेतात आणि गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवतात. श्वानोमा असेल तर बऱ्याचदा एवढ्यावरच ओळख पटते. त्यात दोन प्रकारचे भाग दिसतात. एकात लांबट पेशी दाटीवाटीने, दुसऱ्यात त्याच पेशी विरळ आणि पाणचट पार्श्वभूमीवर. स्वीडनच्या निल्स ॲन्टोनी यांनी १९२० मध्ये हे वर्णन केलं म्हणून त्यांना ॲन्टोनी ए आणि ॲन्टोनी बी म्हणतात. दाट भागात पेशींची केंद्रकं दोन समोरासमोरच्या रांगांत उभी राहतात आणि मधली जागा केंद्रकांविना गुलाबी राहते. या मांडणीला व्हेरोके बॉडी म्हणतात. उरुग्वेत जन्मलेले होसे व्हेरोके प्रागमध्ये काम करत होते. त्यांनी १९१० मध्ये ही गाठ इतर गाठींपासून वेगळी काढून दाखवली. त्याआधी सगळंच न्यूरोफायब्रोमाच्या खात्यात जात असे.

जुन्या श्वानोमात काही केंद्रकं मोठी, काळीकुट्ट आणि भीतीदायक दिसतात. नवख्या डोळ्यांना तिथे कॅन्सरचा भास होतो. पण पेशींचं विभाजन जवळपास नसतं, आणि हे बदल गाठीच्या म्हातारपणाचे असतात.

न्यूरोफायब्रोमाला आवरण नसतं. नागमोडी, बारीक केंद्रकं सैलसर पसाऱ्यात विखुरलेली दिसतात. इथे खरी कसोटी लागते, कारण पापणीच्या कडेवरचा जुना तीळ वयानुसार खोलवर असाच मज्जातंतूसारखा दिसू लागतो. त्याहून धोकादायक म्हणजे डेस्मोप्लास्टिक मेलॅनोमा, जो कॅन्सर असूनही न्यूरोफायब्रोमासारखा शांत दिसू शकतो. उन्हाने खराब झालेल्या चेहऱ्याच्या कातडीत, वयस्कर माणसाचा 'न्यूरोफायब्रोमा' दिसला तर मी तरी वरची कातडी पुन्हा एकदा नीट बघतो.

मग इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची पाळी येते. म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी कापावर घालायची आणि रंग कुठे चढतो ते बघायचं. एस-१०० आणि सॉक्स-१० हे श्वान पेशींचे मार्कर. गाठ स्नायूची असेल तर ते उमटत नाहीत, म्हणून लिओमायोमा वेगळा पडतो. पण हे दोन्ही मार्कर मेलॅनोमातही उमटतात, त्यामुळे 'एस-१०० पॉझिटिव्ह' एवढ्यावर निदान संपत नाही. दुसरा प्रश्न ॲक्सॉनचा. न्यूरोफिलामेंट हा मार्कर ॲक्सॉन रंगवतो. श्वानोमाच्या पोटात ॲक्सॉन जवळपास नसतात, असले तर कडेला ढकललेले. न्यूरोफायब्रोमात ते अधूनमधून दिसतात, न्यूरोमात भरपूर. तिसरा प्रश्न आवरणाचा, त्यासाठी ईएमए हा मार्कर. पॅलिसेडेड न्यूरोमाभोवती पेरिन्युरियमची पातळ कड त्याने उठून दिसते. सीडी-३४ न्यूरोफायब्रोमातल्या तंतुमय पेशींचं जाळं दाखवतो. हे सगळे मार्कर प्रत्येक गाठीला लावायचे नसतात. खासगी लॅबमध्ये सहसा प्रत्येकाचे पैसे वेगळे पडतात, आणि साध्या रंगावर स्पष्ट दिसणाऱ्या श्वानोमाला पाच मार्करांची माळ घालण्यात अर्थ नाही.

नाव कळल्यावर

श्वानोमा एकटाच असेल, पूर्ण काढला असेल, तर तो सहसा परत येत नाही. पॅलिसेडेड न्यूरोमाचंही तसंच, आणि त्याचा कोणत्याही आनुवंशिक आजाराशी संबंध नाही. पेशंटला हे स्पष्ट सांगावं, नाहीतर तो इंटरनेटवर 'न्यूरोमा' शोधून रात्रभर जागतो. श्वानोमा एकाहून जास्त असतील, किंवा तरुण वयात ऐकू कमी येत असेल, तर एनएफ-२ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस २) हा आनुवंशिक आजार डोक्यात ठेवून कानाच्या नर्व्हचा एमआरआय करावा लागतो.

न्यूरोफायब्रोमाही एकटा असू शकतो, विशेषतः मोठ्या माणसात. तरीही अंगावरची कातडी आणि डोळा तपासल्याशिवाय पेशंटला घरी पाठवू नये. न्यूरोफायब्रोमॅटोसिस १, म्हणजे एनएफ-१, हा आजार साधारण तीन हजारांत एकाला असतो आणि त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या आई-वडिलांना तो नसतो. दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग (वयात येण्यापूर्वी ५ मिलिमीटरहून मोठे, नंतर १५ मिलिमीटरहून), काखेत किंवा जांघेत बारीक ठिपके, स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्राखाली बुबुळाच्या पडद्यावर दिसणाऱ्या तपकिरी लिश गाठी, ही त्याची मुख्य लक्षणं. शेवटची खूण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या हातातली आहे. पापणीची गाठ बघायला आलेल्या माणसाचं बुबुळ त्याच यंत्रावर, त्याच बैठकीत बघता येतं.

लहान मुलात प्लेक्सिफॉर्म, म्हणजे मज्जातंतूच्या फांद्यांमधून जाळ्यासारखा पसरणारा, न्यूरोफायब्रोमा आला की तो जवळजवळ एनएफ-१ चाच असतो. वरची पापणी जड होते, तिची कड इंग्रजी एस अक्षरासारखी वळते आणि चाचपलं की आत आळ्यांची पिशवी असल्यासारखं लागतं. हे ओळखायला बायोप्सी लागतेच असं नाही. लोंबत्या पापणीने बाहुली झाकली गेली तर तो डोळा आळशी होतो आणि नजर कायमची अधू राहते. त्याच बाजूच्या डोळ्यात काचबिंदूही असू शकतो, म्हणून डोळ्याचा दाब मोजायलाच हवा. ऑपरेशनने गाठ कमी करता येते, मुळासकट काढणं अवघड, आणि ती पुन्हा वाढते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सेलुमेटिनिब या औषधाला, शस्त्रक्रिया न करता येणाऱ्या अशा गाठींसाठी, दोन वर्षांवरच्या मुलांकरिता मान्यता दिली. तोंडाने घ्यायच्या औषधाने या गाठी आक्रसू शकतात हे त्यामुळे पहिल्यांदा उपचारात आलं. प्लेक्सिफॉर्म गाठीचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होऊ शकतं. ती एकाएकी वाढू लागली, टणक झाली किंवा सतत दुखू लागली तर वाट बघू नये.

आता ती तिसऱ्या प्रकारची न्यूरोमा. मूल शाळकरी किंवा त्याहून लहान. पापण्यांच्या कडेवर बारीक, गुळगुळीत मणी, कडा जाड आणि किंचित बाहेर वळलेल्या. जिभेच्या टोकावर आणि कडांवर तसेच मणी. ओठ जाड. हातपाय लांबसडक. आई सांगते की तान्हेपणी रडताना डोळ्यांत पाणी यायचं नाही, आणि बद्धकोष्ठाचा त्रास जन्मापासूनचा आहे. यातलं प्रत्येक लक्षण वेगळ्या डॉक्टरकडे जातं. पोटासाठी एकाकडे, दातांसाठी दुसऱ्याकडे, पापणीसाठी तिसऱ्याकडे. एकत्र मांडली तर ती एमईएन-२बी या जनुकीय आजाराची आहेत. दहाव्या क्रोमोसोमवरच्या रेट जनुकात बदल असतो, बहुतेक रुग्णांत ९१८ क्रमांकाच्या जागी. हा बदल बऱ्याचदा मुलात नव्यानेच झालेला असतो, त्यामुळे घरात कुणाला काही नसलं तरी आजार नाकारता येत नाही.

या मुलांना थायरॉईडचा मेड्युलरी कार्सिनोमा हा कॅन्सर होतो, तोही फार लवकर. इतका, की जनुकीय बदल जन्मताच कळला तर थायरॉईड पहिल्या वर्षातच काढावी असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. जवळपास निम्म्यांना पुढे ॲड्रिनल ग्रंथीची फिओक्रोमोसायटोमा ही गाठ होते. ती माहीत नसताना भूल दिली तर रक्तदाब जीवघेणा भडकू शकतो. म्हणजे पापणीवरचे मणी काढायला मुलाला भूल देण्याआधी ॲड्रिनलची ही गाठ ओळखणारी मेटानेफ्रिनची तपासणी व्हायला हवी, आणि थायरॉईडच्या या कॅन्सरची खूण असलेलं रक्तातलं कॅल्सिटोनिन व रेट जनुकाची चाचणीही.

मायक्रोस्कोपखाली या मण्यांत जाड आवरणाच्या वेड्यावाकड्या मज्जातंतूंच्या जुड्या दिसतात. ते बघून पॅथॉलॉजिस्टने रिपोर्टवर नुसतं 'न्यूरोमा, कॅन्सर नाही' लिहून सही केली, तर रिपोर्ट बरोबर असेल आणि मूल मात्र हातचं जाईल. अशा वेळी फोन उचलून सर्जनला विचारायचं असतं, जीभ बघितली का?

गाठ कुणाची, किती जुनी आणि एकटी आहे का, याची उत्तरं पेशंटलाही देता येतात. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगावं: अंगावरचे डाग, घरातल्या कुणाच्या गाठी, आधी झालेलं ऑपरेशन. काढलेली गाठ तपासणीला गेली का, हे डिस्चार्जच्या वेळी विचारून घ्यावं. आणि रिपोर्टाबरोबर मेणाचा ठोकळा कुठे आहे हेही. लॅब हे ठोकळे बरीच वर्षं जपून ठेवतात. पुढे कधी गाठ परत आली किंवा निदानाबद्दल शंका निघाली, तर त्याच ठोकळ्यातून नवा काप काढता येतो, नवा मार्कर लावता येतो आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घेता येतं. त्यासाठी पापणीला पुन्हा चीर द्यावी लागत नाही.